घरचा कुरकुरीत टाको

मुलांनीं बाहेर खाल्लेला पदार्थ त्यांना पुन्हां हवा असतो, आणि घरांतील वडील मंडळींना तो बाहेर न खातां घरींच व्हावा असें वाटत असतें. या दोन इच्छांची गांठ पडली कीं आपल्या स्वयंपाकघरांत एक नवा पदार्थ येतो. पिझ्झा आणि नूडल्स याच वाटेनें आले व आतां जुनेही झाले. सध्यां पाळी टाकोची आहे. होडीसारखी वळलेली मक्याची कडक पिवळी पुरी, तिच्या पोटांत उसळ, भाजी, किसलेलें चीज व आंबटतिखट चटणी, आणि दांतांखालीं येतांच होणारा तो कुरकुर आवाज! मुलांना भूल पडते ती बहुतांशीं त्या आवाजाची. दुकानांत या कडक पुऱ्या ‘टाको शेल’ या नांवानें खोक्यांतून मिळतात. त्या महाग पडतात, त्यांतल्या कांहीं खोकें उघडण्यापूर्वींच मोडलेल्या असतात, आणि पुष्कळदां त्यांना जुन्या तेलाचा वास येतो. म्हणून शेल घरीं करून पाहण्याकडे कल वाढला आहे, आणि त्याबरोबर या सदराकडे येणाऱ्या तक्रारीही.

तक्रारी शब्दांनीं निराळ्या, पण मूळ एकच. मक्याचें पीठ मळलें तर लाटतां येत नाहीं. कसेंबसें लाटलें तर कडा फाटतात. पुरी साधलीच तर घडी घालतांना ती मध्येंच दुभंगते. आणि इतका खटाटोप करून तळलेला शेल ताटांत येईपर्यंत मऊ तरी पडतो, नाहीं तर दगडासारखा कठीण होतो. यावर घरोघर जो उपाय चालतो तो तेलावर. तेल बदला, आंच वाढवा, मोहन घाला, रवा मिसळा. आमच्या मतें तेलाकडे दोष फारच थोडा आहे. कढई चढविण्याच्या आदल्या रात्रीं जी गोष्ट व्हावयास हवी ती झालेली नसते. ती गोष्ट म्हणजे मक्याला चुना लावणें. मराठींत या शब्दांना जो दुसरा अर्थ आहे तो येथें अभिप्रेत नाहीं. उलट, मक्याच्या बाबतींत चुना न लावणाराच फसतो.

प्रथम या पदार्थाचें कूळ थोडक्यांत सांगतों. आपल्याकडे टाको म्हटलें कीं कडक शेल डोळ्यांपुढें येतो. परंतु मेक्सिकोंत टाको म्हणजे सामान्यतः तव्यावरून उतरलेली मऊ टॉर्टिया, तिच्यांत कांहीं सारण, आणि तें हातांत धरून खाणें. टॉर्टिया ही त्या लोकांची रोजची भाकरी. कुरकुरीत प्रकार तेथेंही आहे. त्याला ‘टाकोस दोरादोस’ म्हणजे सोनेरी टाको म्हणतात. पण त्यांत सारण आधीं भरतात आणि मग टॉर्टिया तळतात, आपल्या करंजीप्रमाणें. कवच आधीं तळून ठेवावें व सारण मागाहून भरावें, ही युक्ति अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन राहिलेल्या मेक्सिकन लोकांच्या खानावळींतून विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. न्यूयॉर्कमध्यें खानावळ चालविणारे जुव्हेन्सिओ माल्दोनादो यांनीं अनेक टॉर्टिया साच्यांत बसवून एकदम तळण्याच्या उपकरणाच्या पेटंटकरितां १९४७ सालीं अर्ज केला व १९५० सालीं तें त्यांना मिळालें. तिकडे कॅलिफोर्नियांत सॅन बर्नार्डिनो येथें १९३७ सालीं निघालेल्या ‘मित्ला कॅफे’ या मेक्सिकन खानावळींत कडक टाको खपत, आणि तिच्यासमोरच ग्लेन बेल नांवाच्या गृहस्थाचें हॅम्बर्गरचें दुकान होतें. याच गृहस्थानें १९६२ सालीं ‘टाको बेल’ काढलें. कसब कोणाच्या हातांतलें होतें आणि नफा कोणाच्या पदरांत पडला, हें वाचकांनींच ताडून घ्यावें. कडक शेलला ‘खोटा मेक्सिकन’ म्हणण्याची एक पद्धति आहे. तीही आम्हांस पटत नाहीं. घर सोडून गेलेल्या माणसांनीं परक्या गांवीं आपल्या पदार्थाला दिलेलें नवें रूप तेंही त्यांचेंच.

आतां चुन्याकडे वळूं. मक्याची मूळ भूमि मेक्सिको. तेथील बाल्सास नदीच्या खोऱ्यांत सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं तेओसिंते नांवाच्या रानगवतापासून माणसानें मका घडविला. या मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यांत शिजवावयाचे, रात्रभर तसेच ठेवावयाचे, आणि सकाळीं धुऊन वाटावयाचे, ही तेथील रीति ३,००० वर्षांहून जुनी आहे. नाहुआत्ल भाषेंत अशा मक्याला ‘निश्तामाल्ली’ म्हणत. त्यांतला पहिला भाग राखवाचक आहे. आज या मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात, व तो वाटून जो गोळा होतो त्याला ‘मासा’. या शब्दानें आमच्या शाकाहारी वाचकांनीं दचकूं नये. स्पॅनिशमध्यें त्याचा अर्थ मळलेलें पीठ इतकाच आहे.

चुना काय करतो? दाण्यावरील टरफल तो सैल करतो, इतकें तर डोळ्यांनीं दिसतें. टरफलांतील व दाण्याच्या पेशींच्या भिंतींतील चिकट द्रव्यें त्यानें सुटतात, आंतील स्टार्च शिजून कांहीं अंशीं फुगतो, आणि वाटल्यावर एकजीव, लवचिक गोळा तयार होतो. गव्हाच्या कणकेला ग्लूटेन धरून ठेवतें. मक्यांत तें नाहीं. ग्लूटेनच्या जागीं मक्याला चुना उभा राहतो असें म्हटलें तरी चालेल. गिरणींतून आणलेल्या कोरड्या मक्याच्या पिठावर हा संस्कार झालेला नसतो. त्याची भाकरी होते. पंजाबांत त्याची रोटी करतात तीही गरम पाण्यांत मळून, हातावर थापून, आणि जाडच. त्या पिठाची दोन मिलिमीटर जाडीची, घडी घालतां येईल अशी पुरी व्हावी ही अपेक्षाच अवास्तव आहे.

येथें थोडें विषयांतर करणें भाग आहे, कारण चुन्याची ही गोष्ट केवळ चवीची वा घडीची नाहीं. कोलंबसानंतर मका जहाजांतून युरोपांत गेला. चुना मागें राहिला. धान्य नेलें, परंतु तें रांधणाऱ्या बायकांना कोणीं कांहीं विचारलें नाहीं. मक्यांत नायसिन हें जीवनसत्त्व असतें, पण तें अशा रीतीनें बांधलेलें असतें कीं आपल्या पोटाला तें सोडवून घेतां येत नाहीं. चुन्याच्या पाण्यांत शिजविल्यानें तें सुटतें. जे गरीब लोक चुन्याविना मक्यावरच दिवस काढीत त्यांना नायसिन मिळेना. कातडी काळवंडून सोलवटणें, जुलाब, बुद्धिभ्रंश, आणि शेवटीं मृत्यु, असा हा रोग. स्पेनच्या अस्तुरियस प्रांतांत गास्पार कासाल या वैद्यांनीं १७३५ सालीं तो नोंदविला. १७७१ सालीं इटलींत फ्रापोल्ली यांनीं त्याला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हें नांव दिलें. अमेरिकेंत, मुख्यतः दक्षिणेकडील संस्थानांत, १९०६ ते १९४० या काळांत सुमारें ३० लाख लोकांना हा रोग झाला व १ लाखाच्या आसपास माणसें दगावलीं. पुष्कळ डॉक्टर मंडळी जंतु शोधीत बसली होती. १९१४ सालीं सरकारनें या कामावर नेमलेले जोसेफ गोल्डबर्गर यांच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. अनाथालयांतील व वेड्यांच्या इस्पितळांतील रहिवाशांना हा रोग होतो, पण त्यांच्यांतच दिवसभर वावरणाऱ्या नोकरांना होत नाहीं. दोष जंतूचा नव्हे, ताटाचा, हें त्यांनीं सिद्ध केलें. ताटांत उणें काय तें १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या प्रयोगांनीं कळलें. आणि या साऱ्या काळांत मेक्सिकोच्या खेड्यांतील स्त्रिया पहाटे उठून चुन्यांतला मका धूत होत्या, व मका खाऊनही त्यांच्या घरांत हा रोग सहसा दिसत नव्हता.

आपल्या दख्खनलाही पेलाग्रा परका नाहीं. हैदराबाद येथें डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं १९६० च्या सुमारास, मुख्यतः ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांत तो दाखवून दिला. जोडीला डाळ, दूध, शेंगदाणे असणाऱ्या घराला हें भय नाहीं, आणि महिन्यांतून एकदां टाको करणाऱ्याला तर मुळींच नाहीं. परंतु एखाद्या दूरच्या लोकांची पाकक्रिया उचलतांना तिच्यांतली ‘निरर्थक’ वाटणारी पायरी गाळूं नये, याचा इतका मोठा दाखला दुसरा आमच्या माहितींत नाहीं.

आतां कृति. अर्धा किलो वाळलेला मका घ्यावा. त्यापासून साधारण एक किलो मासा होतो. ३० ग्रॅमची, म्हणजे लिंबाएवढी, गोळी धरली तर तीसेक शेल निघतात. दहाबारा माणसांच्या घराला एका वेळेस इतके पुरेत. मका कणसावर पूर्ण वाळलेला, भरल्या दाण्याचा हवा. पांढरा मिळाल्यास उत्तम, पिवळा चालेल. भाजून खावयाचा गोड मका येथें कामाचा नाहीं आणि लाह्यांचा मका फार कठीण. बियाण्याच्या दुकानांतला मका मात्र चुकूनही आणूं नये. त्याला विषारी औषधें चोळलेलीं असतात व तीं धुऊन जात नाहींत. काळे, हिरवट किंवा बुरशी लागलेले दाणे निवडून टाकावे. बुरशीचें विष शिजविल्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं.

चुना खाण्याचाच हवा. खाद्यप्रतीचा विरलेला चुना भुकटीच्या रूपांत मिळतो, तो ५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे, घ्यावा. तो न मिळाल्यास पानाचा साधा पांढरा चुना चालतो, मात्र त्यांत रंग वा सुगंध नसावा. तो ओला असल्यानें सुमारें दुप्पट वजनानें घ्यावा. भिंतींना द्यावयाचा चुना स्वयंपाकघरांत आणूं नये, आणि कळीचा चुना तर नकोच नको. त्यावर पाणी पडलें कीं तो खदखदून उकळतो, व त्याचा थेंब डोळ्यांत उडाल्यास दृष्टि गमावण्याची वेळ येते. विरलेला चुनाही मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. भांडें स्टेनलेस स्टीलचें घ्यावें. ॲल्युमिनियमला चुना खातो.

दीड लिटर पाण्यांत चुना ढवळून त्यांत निवडलेला, धुतलेला मका घालावा व मंद आंचेवर उकळी आणावी. थोड्याच वेळांत दाण्यांना गर्द पिवळा रंग चढतो; चुन्यानें आपलें काम सुरू केल्याची ती खूण. तीस ते चाळीस मिनिटें शिजल्यावर एक दाणा काढून बोटांत चोळावा. टरफल निसटूं लागलें, आणि दाणा दांतानें तोडला असतां मधोमध एक पांढरा कच्चा ठिपका दिसला, म्हणजे भांडें उतरावें. डाळीसारखा मऊ शिजवूं नये. तसा मका वाटल्यावर खळ होते. झांकण ठेवून रात्रभर, आठ ते बारा तास, त्याच पाण्यांत राहूं द्यावा. सकाळीं तें पिवळें पाणी ओतून टाकावें. काटकसरीच्या संवयीनें तें तुळशीला घालूं नये. तें फार क्षारयुक्त असतें. मग दाणे दोनतीन पाण्यांनीं चोळून चोळून धुवावे. बहुतेक टरफलें निघून जावींत, पण एकूणएक काढण्याचा हट्ट नसावा. थोडीं राहिलेलीं टरफलें गोळ्याला धरून ठेवण्यास मदतच करतात. धुतलेला दाणा चाखून पहावा. साबणासारखी चव लागली तर आणखी एक पाणी.

वाटणें हाच यांतला खरा कष्टाचा भाग. मेक्सिकोंत त्याकरितां ‘मेटाटे’ नांवाचा तीन पायांचा उतरता दगड असतो व वर ‘मानो’ हा लांबट वरवंटा. आपल्या पाट्यावरवंट्याशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना ती वस्तु पाहतांच ओळखूं येईल. तिच्यापुढें गुडघे टेंकून तेथील बायका रोज तासन् तास वाटीत. गिरण्या आल्या तेव्हां तें सुटलें. पुढें १९४९ सालीं नुएवो लेऑन प्रांतांतील सेर्राल्व्हो येथें निश्तामालचें कोरडें पीठ करणारा ‘मासेका’ हा कारखाना निघाला. पाणी घातलें कीं मासा तयार. हे कष्ट गेले याचें आम्हांस मुळींच दुःख नाहीं. पाट्याची चव आठवून जे उसासे टाकतात त्यांनीं बहुधा पाट्यावर कधीं वाटलेलें नसतें. हें कोरडें पीठ ‘मासा हारिना’ या नांवानें विकलें जातें. आमच्या ज्या वाचक भगिनी अमेरिकेंत संसार करीत आहेत त्यांना तें नेहमींच्या किराण्याच्या दुकानांत मिळतें. त्यांनीं वरचा सर्व खटाटोप सोडून खुशाल तेंच आणावें. आपल्याकडे तें मोठ्या शहरांतून व मागवून घेतल्यास मिळतें, परंतु आयात मालाची किंमत पाहतां घरचा निश्तामाल फार स्वस्त पडतो.

घरीं वाटावयाचें तर दगडी वेट ग्राइंडर सर्वांत चांगला. मिक्सरवरही होतें, पण एका वेळेस थोडेच दाणे घ्यावे आणि पाणी चमच्याचमच्यानें घालावें. पाणी जास्त झालें तर डोशाचें पीठ तयार होईल; तसें झाल्यास मक्याचें कोरडें पीठ थोडें मिसळून सांवरून घेतां येतें. वाटण अगदीं गंधासारखें नको, बोटांना किंचित् कणीदार लागावें. त्यांत अर्धा चमचा मीठ घालून मळावें व ओल्या फडक्याखालीं वीस मिनिटें ठेवावें. मग एक गोळी दोन तळव्यांत दाबून पहावी. कडा चिरल्या तर पाणी कमी आहे, तळव्याला चिकटली तर जास्त.

पोळपाट-लाटण्याच्या वाटेला जाऊं नये. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचे दोन चौकोनी तुकडे कापून त्यांच्यामध्यें गोळी ठेवावी आणि सपाट बुडाच्या जड भांड्यानें सरळ दाबावी. पुरी दाबण्याचें यंत्र असेल तर उत्तमच. तेरा-चौदा सेंटिमीटर व्यास व दोन मिलिमीटर जाडी हें योग्य माप. ही टॉर्टिया चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकावी. पहिली बाजू अर्धें मिनिट, उलटून एक मिनिट, पुन्हां उलटून अर्धें मिनिट. या वेळीं चांगली टॉर्टिया फुगते. मऊच खावयाची असेल तर यासारखें सुख नाहीं. शेल करावयाचा असेल तर मात्र उलथन्यानें हलकें दाबून ती बसवावी, नाहीं तर फुगलेल्या पदराखालीं पुढें तेल शिरतें.

आणि आतां जी घाई होते तीच बहुतेक घरांत नडते. तव्यावरची टॉर्टिया तशीच कढईंत सोडूं नये. जाळीवर किंवा फडक्यावर एकेक सुटी पसरून तासदोन तास वाळूं द्यावी. वांकवली तर वांकावी पण हाताला दमट लागूं नये, इतपत. मेक्सिकोंतही तळण्याला शिळ्या टॉर्टियाच काढतात. याचें कारण असें कीं कुरकुरीतपणा म्हणजे दुसरें कांहीं नसून पाणी निघून गेल्यावर उरलेला स्टार्चचा ताठ सांगाडा. तळतांना जे बुडबुडे दिसतात ते तेलाचे नसून पदार्थांतून बाहेर पडणाऱ्या वाफेचे असतात. चकलीभोंवतीचे बुडबुडे शमले म्हणजे ती काढावी, हें आपल्या आजीबाईंना कोणीं शिकवावें लागलें नाहीं. शेलचा नियम तोच. पाणी आधींच कमी असलें म्हणजे तो थोड्या वेळांत, थोड्या तेलांत, सारखा तळून निघतो. तेल थंड असेल तर शेल तेल पितो व कठीण होतो. फार तापलेलें असेल तर वरून रंग चढतो, आंत पाणी राहतें. ताटांत येईपर्यंत मऊ पडतो तो हाच शेल.

कढई अर्ध्याहून अधिक भरूं नये. चार-पांच सेंटिमीटर तेल पुष्कळ झालें. तें १७५ ते १८० अंश सेल्सिअस हवें. मापक नसल्यास माशाचा (पुन्हां तोच शब्द!) कण तेलांत टाकावा, तो लगेच वर येऊन त्याच्याभोंवतीं जोरानें बुडबुडे उठले पाहिजेत, पण धूर दिसतां कामा नये. टॉर्टिया प्रथम सपाटच सोडावी. आठदहा सेकंदांत ती लवचिक होते. तेव्हां चिमट्यानें एक कड उचलून घडी घालावी, आणि घडी मिटूं नये म्हणून दुसऱ्या हातानें स्टीलच्या उलथन्याची कड आंत धरावी, बोटभर अंतर राहील अशी. एक बाजू पाऊण मिनिट, मग फिरवून दुसरी बाजू तितकीच. शेवटीं बुडाचा वळलेला भाग क्षणभर तेलांत धरावा, कारण कच्चा राहतो तो नेमका तोच. बुडबुडे मंदावले कीं उचलून तेल निथळावें आणि जाळीवर पालथा ठेवावा. उताणा ठेवल्यास तेल पोटांत सांचून बूड मऊ होतें. पहिले दोनतीन शेल वांकडेतिकडे होतील; ते मुलांकडे द्यावे, तक्रार येत नाहीं.

कढईपाशीं या वेळीं एकच माणूस असावें व मुलांनीं स्वयंपाकघराबाहेर असावें. दमट टॉर्टियेची घडी घातली तर आंत अडकलेली वाफ तेल उडविते. तेलानें पेट घेतलाच तर गॅस बंद करून कढईवर घट्ट झांकण टाकावें. पाणी ओतूं नये, आणि पेटती कढई उचलून नेऊं नये.

ज्यांच्याकडे भट्टी, म्हणजे ओव्हन, आहे त्यांना तेलाचा त्रास टाळतां येतो. टॉर्टिया वाफेवर अर्धें मिनिट धरून मऊ कराव्या, दोन्ही बाजूंस तेलाचा हात फिरवावा, आणि ओव्हनच्या जाळीच्या दोन गजांवर ओल्या रुमालासारख्या वाळत घालाव्या. १९० अंशांवर आठदहा मिनिटांत शेल होतो, व गजांमुळें त्याला बूडही आपोआप रुंद येतें. चव तळलेल्याइतकी खमंग नसते, परंतु डॉक्टरांनीं तळण वर्ज्य केलेलें माणूस बहुतेक मोठ्या कुटुंबांत एक तरी असतेंच.

चुन्याचा उद्योग झेपणार नसेल त्यांनीं दोन भाग मक्याचें पीठ व एक भाग कणीक, उकळत्या पाण्यांत मळून, पातळ लाटून, वरीलप्रमाणें तळावी. कडक पुरीच्या जातीचा चांगला खुसखुशीत पदार्थ होतो आणि मुलें तो आनंदानें खातात. मात्र निश्तामालचा तो मातकट, उबदार सुवास त्यांत नाहीं, आणि ज्यानें खरा खाल्ला आहे त्याला फरक पहिल्या घांसांत कळतो.

सारणाविषयीं फार लिहीत नाहीं. प्रत्येक घर आपल्या आवडीचें करील. घट्ट शिजवून अर्धवट ठेंचलेला राजमा, जिऱ्यामिरचीची फोडणी, वर बारीक चिरलेला कोबी, पनीरचा चुरा, कांदा चालत असेल तर कांदा, आणि टोमॅटो-हिरवी मिरची-कोथिंबीर-लिंबू यांची कच्ची चटणी. गंमत अशी कीं मका, राजमा, टोमॅटो व मिरची या चौघांचें माहेर अमेरिका खंडांतच आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि आज तिच्यावांचून आपला एक दिवस जात नाहीं. सारण रसदार असूं नये, चटणी सर्वांच्या शेवटीं घालावी, आणि शेल स्वयंपाकघरांत भरून पंगतीला आणूं नये. रिकामे शेल व वाट्या मध्यें ठेवून ज्यानें त्यानें आपला भरून लगेच खावा.

घरांतील वृद्ध मंडळींना दांतांचा विचार करून कडक शेल देण्याऐवजीं तव्यावरची मऊ टॉर्टियाच फडक्यांत गुंडाळून गरम वाढावी व तिच्यांत तेंच सारण घालावें. त्यांना वेगळें काढल्यासारखें वाटण्याचें कारण नाहीं. मेक्सिकोंतील माणूस पाहुणा म्हणून आला तर तो त्यांच्याच शेजारीं बसेल.

उरलेले शेल पूर्ण थंड झाल्यावर घट्ट झांकणाच्या डब्यांत चार-पांच दिवस राहतात. पावसाळ्यांत मऊ पडल्यास १७५ अंशांच्या ओव्हनमध्यें पांच मिनिटें, किंवा मंद तव्यावर उपडे घालून, पुन्हां कडक करावे. मोडलेल्या तुकड्यांची मेक्सिकोंत ‘चिलाकिलेस’ नांवाची न्याहारी करतात. टोमॅटोमिरचीची शिजलेली चटणी कढईंत उकळूं लागली कीं तुकडे तींत टाकावयाचे, एकदोन मिनिटें परतावयाचे, आणि वर दही व कांदा घालून वाढावयाचे. ज्या घरांत शिळ्या पोळीचा फोडणी देऊन कुस्करा होतो त्या घरांत हें दुसऱ्यांदा सांगावें लागणार नाहीं.